दोन बोटांचं घट्ट

"झालं. घट्ट," असं म्हणून थोरलीने स्क्रूड्रायव्हर सिस्टरच्या हातात परत दिला, आणि सिस्टरने तो ट्रेमध्ये न ठेवता टेबलाच्या पलीकडे, धाकटीच्या दिशेने पुढे केला. एवढंच झालं. धाकटीचाही हात आपसूक पुढे आला होता, तो अर्ध्या वाटेत थबकला, आणि दोघींनी एकाच वेळी थोरलीकडे पाहिलं. मास्कच्या वर नुसते डोळे दिसतात, पण चोरी पकडली गेलेल्या माणसाला ओळखायला तेवढे पुरतात. सिस्टरने घाईघाईने स्क्रूड्रायव्हर ट्रेमध्ये टाकला, तो इतका वाजला की पेशंटच्या डोक्याशी बसलेल्या भूलवाल्या डॉक्टरने मान वर करून विचारलं, "काय पडलं?" "काही नाही," सिस्टर म्हणाली.

एरवी हे थोरलीला दिसलंच नसतं. एरवी या वेळी तिची पाठ फिरलेली असते. शेवटचा स्क्रू बसला की ती "घट्ट" म्हणते, "टाके तू घाल गं" म्हणते, हातमोजे ओढून बादलीत टाकते आणि हात धुवायला बाहेर बेसिनकडे जाते. जखम शिवायचं काम धाकटीचं. अख्खं हॉस्पिटल या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणतं, एका घरात दिलेल्या जावा असाव्यात तसं, आणि दोघींनाही ते ठाऊक आहे. थोरली हाडांची डॉक्टर म्हणून नाव कमावलेली, केस पिकलेली, तोंडाने फटकळ. धाकटी तिच्या हाताखाली तयार झालेली. आता स्वतःची मुलं शाळेत जायला लागली तरी मॅडमपुढे आवाज चढवायची तिची छाती होत नाही. आज थोरली टेबलापाशी थांबली ती त्या यंत्रवाल्यामुळे. तो सकाळीच एक नवा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता. दिसायला नेहमीसारखाच, फक्त मुठीत जरा जाड, आणि भिंतीजवळच्या एका छोट्या पडद्याशी जोडलेला. स्क्रू पिळताना हाड किती अडवतं त्याचा आकडा पडद्यावर उमटतो, म्हणजे हाड कसदार आहे की ठिसूळ हे ऑपरेशन चालू असतानाच कळतं, असं तो सांगत होता. थोरलीला हसू आलं होतं. "अरे बाबा, ते मला विचार की," ती म्हणाली होती, "ही बोटं कशाला आहेत मग? भाजी निवडायला?" सगळे हसले होते. आता आठवलं तर धाकटी हसली नव्हती. ती मोजे चढवत होती आणि खाली बघत होती.

आणि आकडे तर पहिल्या स्क्रूपासून खालचेच येत होते. यंत्रवाला बिचारा अदबीने सांगत होता, "मॅडम, लाल पट्ट्यात येतंय. हाड ठिसूळ दिसतंय." थोरली त्याला उडवून लावत होती. ड्रिल चालवताना तिने कानांनी ऐकलं होतं, कसदार हाडात ड्रिल जसं किंचाळतं तसंच ते किंचाळलं होतं. ठिसूळ हाडात ते सुळकन आत जातं, आवाजही करत नाही. आणि निघालेला चुरा पांढराशुभ्र, खरखरीत. हाड दगड होतं, दगड! तुझं यंत्र घरी ने आणि उन्हात ठेव, असंही ती त्याला म्हणून चुकली होती. पण आता सिस्टरचा तो पुढे आलेला हात पाहिल्यावर तिच्या डोक्यात एकदम एक हिशेब सुरू झाला आणि तो तिला थांबवता येईना. कान सांगतात हाड चांगलं. चुरा सांगतो हाड चांगलं. यंत्र सांगतं जोर कमी लागला. म्हणजे खोटं कोण बोलतंय? हाड, यंत्र, की आणखी कुणी? एसीच्या गारव्यात तिच्या पाठीवरून घामाची एक धार खाली गेली ती तिला गाऊनच्या आत स्पष्ट कळली.

"मॅडम, माझं ऐका," यंत्रवाला म्हणाला, "सगळे स्क्रू लालमध्ये आहेत. हे काढून लांब प्लेट घालावी लागेल, आणि आत सिमेंट भरावं लागेल. नाहीतर धरणार नाही." आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पेशंटच्या छातीवर आडव्या बांधलेल्या कापडी पडद्याच्या पलीकडून तिचा आवाज आला. तिला कमरेखाली भूल दिली होती, गुंगीचं औषधही दिलं होतं, पण औषध उतरत आलं होतं बहुतेक. "माझं हाड ठिसूळ आहे का हो?" तिने विचारलं. ही बाई टपाल वाटायची. इमारतींचे जिने चढून दारोदार पत्रं आणि पाकिटं पोचवायची, आणि अशाच एका जिन्यावर घसरून तिच्या नडगीचे दोन तुकडे झाले होते. आत नेताना ती एकच गोष्ट विचारत होती, जिने चढता येतील ना, जिने चढता येतील ना, आणि थोरलीने तिचा गाल थोपटून सांगितलं होतं, "मला मागे टाकशील, बघ." भूलवाल्या डॉक्टरने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "ताई, हे यंत्राबद्दल बोलताहेत, तुम्ही झोपा बरं." पण ती झोपली नाही. "ठिसूळ असेल तर मला जिने सोडावे लागतील," ती म्हणाली, "टपाल कचेरीत खिडकीवर बसवतील मला. मला नाही हो बसवत."

थोरलीला मोठे सर आठवत होते, आणि ते का आठवताहेत हेही तिला आठवताक्षणीच कळलं होतं, म्हणून ती तो विचार ढकलू पाहत होती. मोठ्या सरांनी तिला स्क्रू पिळायला शिकवलं. आधी मोडक्या टेबलाच्या पायात, मग खडूत. खडूत स्क्रू घट्ट बसला पाहिजे आणि खडू फुटता कामा नये. फुटला की सर काही बोलायचे नाहीत, नवा खडू पुढे सरकवायचे. "मूठ वळायची नाही," ते सांगायचे, "अंगठा आणि दोन बोटं. मुठीने पिळलंस की हाडातले आटे गेलेच समज. दोन बोटांचं घट्ट, तेच खरं घट्ट." त्या खडूंची पांढरी भुकटी तिच्या नखांत आठवडेच्या आठवडे असायची, जेवताना जिभेला लागायची. आणि मग सरांची शेवटशेवटची वर्षं. हात सुंदरच चालायचे, बघत राहावं असे, पण बोटांतला जोर गेला होता. ते "घट्ट" म्हणायचे आणि स्क्रू घट्ट नसायचा. ते तिला कसं कळलं? एकदा टाके घालायच्या आधी तिने सहज हात लावून पाहिला आणि स्क्रू फिरला. फिरला! तिला वाटलं होतं आपण काहीतरी पाप केलं. पुढच्या वेळेला सर पाठ फिरवून बेसिनकडे गेले आणि तेव्हाच्या सिस्टरने, एक अक्षर न बोलता, स्क्रूड्रायव्हर तिच्याकडे पुढे केला. हा असाच. टेबलावरून, जखमेच्या वरून, असाच मूठ पुढे करून. तेव्हापासून सरांचा प्रत्येक स्क्रू तिने पुन्हा पिळला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नाही. सरांच्या निरोपसमारंभात ते म्हणाले, "माझा एकही स्क्रू कधी सैल निघाला नाही," आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तिने वाजवल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. बिचारे सर, असं तिला वाटलं होतं. त्या 'बिचारे'मध्ये किती गोडी होती, किती मोठेपणा होता आपला आपल्याला दिलेला, ते आज तिला एकदम कळलं आणि लाजेने तिचे कान तापले. म्हणजे आता ही धाकटी घरी जाऊन नवऱ्याला सांगत असेल, बिचारी मॅडम. सिस्टर चहाच्या वेळी म्हणत असेल, बिचारी थोरली.

"किती दिवस?" तिने विचारलं. आवाज तिचाच होता, पण तिला तो दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. धाकटी म्हणाली, "मॅडम, नंतर बोलू या ना." "आत्ता." "मॅडम, हाडच तसं आहे. यंत्रात दिसतंय की. सिमेंट भरू, मी भरते." ही धाकटी! खोटं बोलता येत नाही पोरीला, डोळे सारखे इकडेतिकडे पळत होते. तिने वाट काढून दिली होती, आणि वाट सोपी होती, सरळ होती. हाड ठिसूळ. एवढं म्हटलं की संपलं. यंत्राचं खरं, थोरलीचा हात शाबूत, सिस्टरचा हात चुकून पुढे आला होता. फक्त त्या पडद्यापलीकडच्या बाईच्या चांगल्या, दगडासारख्या हाडात सिमेंट जाईल, तिला वर्षानुवर्षं हाडांच्या गोळ्या लागतील, आणि जिन्यांवरून उतरवून तिला खिडकीवर बसवतील. थोरलीला स्वतःचीच शिसारी आली, कारण तेवढ्या एका क्षणात तिने खरोखरच तो विचार केला होता. केला होता, नाकारण्यात अर्थ नाही. "पीळ," ती धाकटीला म्हणाली. "मॅडम..." "पीळ म्हणते ना! माझ्या डोळ्यांदेखत पीळ."

धाकटीने स्क्रूड्रायव्हर घेतला. अंगठा आणि दोन बोटं. थोरलीनेच शिकवलेली पकड, तीच मोठ्या सरांची. तिने सगळ्यांत वरच्या स्क्रूच्या डोक्यात टोक बसवलं, आणि स्क्रू फिरला. थोडासा नाही. चांगला सैलसा फिरला आणि मग अडला, आणि प्लेट हाडाला चिकटताना जो एक बारीक कुरकुर आवाज येतो तो आला. पडद्यावरचा आकडा भराभर चढला, लाल पट्ट्यातून वर, हिरव्यात, हिरव्याच्याही वरच्या टोकाला. यंत्रवाला खुर्चीवरून उठला. "अरे! हे तर एकदम..." असं म्हणाला आणि मग त्याने थोरलीकडे पाहिलं, आणि मग पडद्याकडे, आणि काहीतरी तारेचं काम असल्यासारखा वाकून तार चाचपू लागला. त्याच्या लक्षात आलं होतं. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. फक्त त्याच्या आज, बाकीच्यांच्या केव्हाच. "कधीपासून?" थोरलीने पुन्हा विचारलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि ऑपरेशनच्या टेबलापाशी डोळे पुसता येत नाहीत. "तुम्ही त्या सुताराचा खांदा केलात ना," ती म्हणाली, "तेव्हापासून."

सुताराचा खांदा! थोरलीचा आजवरचा सगळा तोरा त्या एका खांद्यावर उभा होता. चार ठिकाणी मोडलेला, सगळ्यांनी हात वर केलेला खांदा तिने जोडला होता. तो सुतार पुन्हा रंधा मारू लागला तेव्हा तिच्यासाठी एक स्टूल करून घेऊन आला होता, एकही खिळा न वापरता केलेलं. ते स्टूल तिच्या तपासणीच्या खोलीत होतं. शिकायला येणाऱ्यांना ती त्याचा एक्स-रे दाखवायची आणि म्हणायची, बघा, याला म्हणतात पकड. धाकटी तेव्हा मागच्या रांगेत उभी असायची. काय वाटत असेल तिला? तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, कधी खोकलीसुद्धा नाही. थोरलीला वाटलं ओरडावं, तू का नाही सांगितलंस, का मला माकडासारखं नाचू दिलंस! आणि पाठोपाठ वाटलं, मी सांगितलं होतं का सरांना?

"डॉक्टर," पडद्यामागून आवाज आला, "खरं सांगा हो." थोरलीने पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं तर मास्कच्या आत तिचा स्वतःचा गरम श्वास तिच्याच तोंडावर आला. "तुझं हाड ठणठणीत आहे," ती म्हणाली. "दगड आहे. स्क्रू मी सैल बसवले होते. माझ्या हातात जोर राहिला नाहीये. आता धाकट्या डॉक्टर ते पुन्हा घट्ट करताहेत, आणि तू जिने चढणार आहेस." मॉनिटर टिकटिकत होता. मग ती बाई म्हणाली, "बरं बाई," आणि जरा थांबून, "तुमचा हात दुखतो का?" थोरलीला या प्रश्नाची अपेक्षाच नव्हती. "नाही," ती म्हणाली, "दुखत नाही. म्हणून तर कळलं नाही." मग ती टेबलाला वळसा घालून धाकटीच्या बाजूला गेली. धाकटी गडबडून बाजूला झाली, तिला कळेना कुठे उभं राहायचं. "तिकडे जा," थोरली म्हणाली, "माझ्या जागी." आणि धाकटीच्या जागी उभी राहून तिने रिट्रॅक्टर हातात घेतला, म्हणजे जखमेची कड ओढून धरायची ती वाकडी पट्टी, जी टेबलाभोवतीच्या सगळ्यांत शिकाऊ माणसाच्या हातात देतात. धाकटीने एकेक स्क्रू पिळला. प्रत्येक स्क्रू फिरला. एकही असा निघाला नाही की जो फिरला नाही, आणि थोरली प्रत्येक वेळी मनात म्हणत होती, हा तरी, निदान हा तरी.

शेवटी ती बेसिनकडे गेली. हातमोजे काढले आणि दिव्याखाली उजवा तळहात धरला. रोज धुतलेला हात, रोज बघितलेला. अंगठ्याच्या बुडाशी जी मांसल गादी असते ती बसली होती. डाव्या हाताची भरलेली, उजव्याची चपटी, बोटाने दाबली तर खालचं हाड लागेल इतकी. मनगटात नस दाबली गेली की असं होतं. तिच्या दारात अशा कितीतरी बायका आल्या होत्या, शिवणकाम करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, आणि प्रत्येकीचा हात ती दारातूनच ओळखायची आणि खेकसायची, "एवढे दिवस काय झोपला होतात? थोडं आधी यायला काय झालं होतं? आता नस मोकळी करू, पण गेलेला जोर परत येईलच असं सांगता येत नाही." त्या म्हणायच्या, दुखत नव्हतं हो. तिला तो बहाणा वाटायचा. तिने सवयीने नळ सोडला, पूर्ण सोडला, पाणी बेसिनवर धडाधड आपटून अंगावर उडालं, आणि त्या आवाजात ती जागच्या जागी गारठली. मोठे सरसुद्धा नळ असाच पूर्ण सोडायचे. सगळे म्हणायचे, सरांना पाणी फार लागतं. त्या आवाजात आतलं काही ऐकू येत नाही. स्क्रू फिरल्याचं, ट्रे वाजल्याचं, काहीही. सरांना माहीत होतं! इतकी वर्षं ती समजत होती की तिने सरांना फसवलं, आणि सर तिथे पाठ करून, नळ सोडून उभे होते, तिचं काम होईपर्यंत. पण सरांचं जाऊ दे. आपण केव्हापासून असा नळ सोडतो? आधी सोडत होतो का? तिला आठवेना. तिने किती आठवून पाहिलं, तिला आठवेना. आपल्याला माहीत होतं का? पाणी वाहत राहिलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

घरी आली तेव्हा संध्याकाळ उतरत होती. नवरा जेवणाच्या टेबलावर शाळेतल्या मुलांचे नकाशे तपासत बसला होता. भूगोल शिकवायचा तो, आणि नद्या चुकीच्या बाजूला काढणाऱ्या मुलांवर एकटाच हसायचा. "चहा?" त्याने वर न बघता विचारलं. "मी करते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. साखरेची बरणी काढली. झाकण हात लावताच निघालं. मग तिने चहाच्या पुडीची बरणी काढली. तिचंही झाकण नुसतं वर ठेवल्यासारखं, हात लावताच निघालं. लोणच्याची, कॉफीची, मिठाची. सगळी तशीच. या झाकणांवरून तिने त्याला किती बोल लावले होते, मुंग्या होतात, साखरेला पाणी सुटतं, एवढा मोठा माणूस तू, तुला साधं झाकण लावता येत नाही! आणि तो म्हणायचा, "विसरलो गं." दर वेळेला विसरायचा. इतक्या नद्यांची नावं ज्याला तोंडपाठ तो माणूस फक्त झाकण विसरायचा. तिकडे सगळे तिच्या मागे घट्ट करत होते आणि इकडे हा तिच्या आधी सैल करत होता, आणि ती दोन्हीकडे सगळ्यांवर डाफरत फिरत होती.

तिने साखरेचं झाकण पुन्हा लावलं. अंगठा आणि दोन बोटं, मग सगळी बोटं, मग दोन्ही हात, मूठ वळून, दात आवळून, होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून. मनगटाच्या शिरा ताठल्या. मग ती बरणी घेऊन बाहेर गेली आणि त्याच्या नकाशांवर ठेवली. "उघड," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. पेन्सिल डाव्या हातातच होती ती त्याने खाली ठेवली नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं झाकणावर ठेवली आणि ते निघालं. अगदी सहज. मग त्याला कळलं की त्याने काय केलं, आणि त्याचा चेहरा पडला. त्याने झाकण परत लावायला हात पुढे केला.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" तिने विचारलं. तो एका मुलाने काढलेल्या चुकीच्या नदीवरून बोट फिरवत राहिला. "तुला वाईट वाटलं असतं," तो शेवटी म्हणाला.

ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. उजवा हात टेबलावर उताणा ठेवला, दिव्याखाली, त्याला ती बसलेली गादी दिसेल असा. तिला रडू येत होतं आणि राग येत होता आणि यातलं काय आधी बाहेर पडेल हे तिला सांगता आलं नसतं.

"यापुढे झाकणं घट्ट लावायची," ती म्हणाली. "सगळी. नीट पिळून."

"आणि उघडणार कोण?"

"मी हाक मारीन," ती म्हणाली.